पाठाचं टाचण शेवटाकडून लिहा : नव्या शिक्षकांसाठी

सराव पाठाचं टाचण, म्हणजे तासिकेचा लेखी आराखडा, लिहायला बसलं की बहुतेक छात्राध्यापक (शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारे) पहिल्या रकान्यापासून सुरुवात करतात. विषय, घटक, उपघटक, उद्दिष्टं, मग प्रस्तावना. प्रस्तावनेसाठी एखादं कोडं किंवा चित्र शोधण्यात तास-दीड तास जातो, आणि मूल्यमापनाचे प्रश्न मात्र रात्री उशिरा, डोळ्यांवर झोप आलेली असताना कसेबसे उरकले जातात. हा क्रम उलटा करा. तासिकेच्या शेवटी मुलांना काय विचारणार ते आधी ठरवा. ते ठरलं की पद्धत, साहित्य, वेळ आणि तंत्रज्ञान यांचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उपघटक घेऊ : अपूर्णांकांची तुलना, ३५ मिनिटांची तासिका.

१. शेवटचा प्रश्न आधी लिहा

‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना समजते’ हे उद्दिष्ट म्हणून टाचणात शोभतं, पण वर्गात ते तपासणार कसं? त्यापेक्षा असं लिहा : ‘विद्यार्थी १/५ आणि १/७ यांतला मोठा अपूर्णांक ओळखतो आणि कारण एका वाक्यात सांगतो.’ ओळखतो, सांगतो, तुलना करतो, काढून दाखवतो : डोळ्यांना दिसतील अशी क्रियापदं वापरा. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेलं उद्दिष्टांचं वर्गीकरण आणि त्याची २००१ मधली सुधारित आवृत्ती शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात असतेच. सुधारित आवृत्तीत स्मरणापासून निर्मितीपर्यंत सहा पातळ्या आहेत. त्या सहाही एकाच तासात बसवण्याचा हट्ट मात्र धरू नका. एका तासिकेला दोन उद्दिष्टं पुष्कळ झाली.

प्रश्नात ‘कारण सांगा’ हे शब्द हवेतच. दोनच पर्याय असतील तर अंदाजाने ठोकलेलं उत्तरही निम्म्या वेळा बरोबर येतं.

२. मुलं कुठे अडखळतील ते लिहून काढा

टाचणाच्या छापील नमुन्यात यासाठी रकाना नसला, तर समासात लिहा. नव्या शिक्षकाच्या तयारीतला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

आपल्या उपघटकात पहिली चूक ठरलेली आहे. ७ हा ५ पेक्षा मोठा, म्हणून १/७ मोठा. पूर्ण संख्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललेला नियम मूल इथेही लावतं, त्यात त्याचा आळस नाही. दुसरी चूक जास्त लबाड आहे, कारण ती आपणच शिकवतो. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हे वाक्य फळ्यावर गेलं की मुलं ते पाठ करतात आणि २/३ व ५/६ समोर आले की बिनदिक्कत २/३ मोठा म्हणून मोकळी होतात. तो नियम अंश सारखे असतानाच चालतो. म्हणजे २/३ आणि ५/६ ही जोडी तुमच्या पाठात असायलाच हवी.

चुका सुचत नसतील तर त्या वर्गाच्या जुन्या वह्या किंवा चाचणीचे पेपर मागून घ्या. दहा वह्या चाळल्या तरी चित्र स्पष्ट होतं.

३. साहित्य स्वतः करून बघा

या पाठाला कागदाच्या पट्ट्या पुरतात. पट्टीची लांबी २४ सेंटिमीटर ठेवा. ए-४ कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे ती सहज निघते, आणि २४ चे २, ३, ४, ६, ८ असे सारखे भाग पडतात. तीन भाग ८ सेंटिमीटरचे, चार भाग ६ चे, सहा भाग ४ चे.

पट्टीचे दोन, चार, आठ भाग घडी घालून होतात. तीन भाग घडीने करायला सांगितलंत तर पाच मिनिटं गोंधळ होईल, घड्या तिरक्या जातील आणि सारखे भाग हा मुद्दाच हातातून निसटेल. तीन आणि सहा भागांच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने खुणा आधीच करून ठेवा. अशा गोष्टी टाचण वाचून कळत नाहीत, पट्टी हातात घेतली की कळतात.

आता शेवटच्या प्रश्नातले ५ आणि ७ पाहा. २४ चे पाच किंवा सात भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडत नाहीत. मुलाला पट्टी मोजून उत्तर काढता येत नाही, विचार करावा लागतो. तुलना खरंच कळली का, हे इथे दिसतं.

४. पद्धत उद्दिष्टावरून ठरवा

कथन म्हणजे जुनाट आणि गटकार्य म्हणजे आधुनिक, असा एक समज प्रशिक्षणाच्या काळात डोक्यात बसतो. तो काढून टाका. अंश आणि छेद कशाला म्हणतात, हे गटचर्चेतून शोधून काढण्यात काहीच हशील नाही. ते सरळ सांगा, उदाहरण द्या, पुढे चला. मात्र दोन उत्तरांपैकी कोणतं पटतं आणि का, हे सांगून भागत नाही, तिथे मुलांनी एकमेकांशी बोलायला हवं.

त्यासाठी ‘विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा’ ही पद्धत नव्या शिक्षकालाही पेलते. फ्रँक लायमन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात मांडायचं. पहिलं मिनिट गाळू नका. ते गाळलं तर जोडीतला बोलका मुलगा बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. जिगसॉ पद्धत, म्हणजे प्रत्येकाने एक तुकडा शिकून आपल्या गटाला शिकवायचा, इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये वापरात आणली. इतिहास, परिसर अभ्यास अशा विषयांना ती छान लागू पडते. पहिल्या पाठाला मात्र ती घेऊ नका, गटांची अदलाबदल करतानाच तासिका संपायची.

५. वेळ आणि फळा, दोन्हींचा आराखडा काढा

पूर्वज्ञान ५ मिनिटं, पट्ट्यांचं काम १०, चर्चा ८, अडचणीची जोडी (२/३ आणि ५/६) ५, शेवटचा प्रश्न ५, राखीव २. झाली ३५. वेळ कमी पडली तर काय गाळायचं तेही आत्ताच ठरवा, आणि शेवटच्या प्रश्नाची पाच मिनिटं कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. सराव पाठात नेमकी तीच कापली जातात.

टाचणाच्या मागच्या पानावर फळ्याचा आयत काढा. डावीकडे शीर्षक आणि दोन-तीन नव्या संज्ञा, मध्ये पट्ट्यांची आकृती, उजवीकडे मुलांची उत्तरं. चुकीचं उत्तरही तिथे लिहायचं, लगेच पुसायचं नाही. चर्चा त्याच्यावरच होणार असते.

६. प्रश्न शब्दशः लिहा, आणि विचारून थांबा

‘समजलं का?’ हा प्रश्न टाचणातून आणि तोंडातून दोन्हीकडून काढा. त्याला वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

मुख्य चार-पाच प्रश्न शब्दशः लिहून ठेवा. ऐन वेळी तयार केलेला प्रश्न बहुतेकदा हो-नाहीचा होतो किंवा त्यात उत्तर लपलेलं असतं. ‘चार भाग केले तर भाग लहान होतात ना?’ हा प्रश्न नाहीच. ‘पट्टी तीच, भाग तीनऐवजी चार केले. एका भागाचं काय होईल?’ असं विचारलं की मुलाला काहीतरी ठरवावं लागतं.

मग थांबा. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. १९७० च्या दशकातलं हे काम आजही तितकंच उपयोगी आहे. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गासमोर उभं राहिल्यावर ते संपता संपत नाहीत. मनात एक-दोन-तीन मोजा.

मुलाचं उत्तर आल्यावरही तितकंच थांबायचं असतं, आणि हे जास्त अवघड जातं. ‘शाब्बास’ म्हणायची घाई केली की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. नाव प्रश्नाच्या नंतर घ्या. आधी घेतलंत तर उरलेला वर्ग सुटकेचा श्वास सोडतो.

७. सगळ्या पाठाचा नव्हे, एका तुकड्याचा सराव करा

सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. कौशल्य एकच, वेळ थोडा, विद्यार्थी मोजके. रूढ असलेलं एक चक्र ३६ मिनिटांचं आहे : अध्यापन ६, प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही हे ऐकणं) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा अध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सगळ्यात जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिला आहे, हे लक्षात घ्या. सहाध्यायी ‘छान झालं’ म्हणून मोकळे होतात, म्हणून त्यांना एकच काम द्या : प्रत्येक प्रश्नानंतर मी किती सेकंद थांबलो ते लिही.

मोबाइलवर आवाज मुद्रित करून ऐकणंही चांगलं. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, पण ‘ठीक आहे’ किती वेळा म्हणता ते तिथेच कळतं. खऱ्या वर्गात मुद्रण करायचं असेल तर शाळेची परवानगी आधी घ्या.

८. तंत्रज्ञान सगळ्यात शेवटी निवडा

मुद्दाम शेवटी, कारण आता तुम्हाला नेमकं विचारता येईल : या पाठात असं काय आहे, जे फळा आणि पट्ट्यांनी दाखवता येत नाही? उत्तर ‘काही नाही’ असेल तर प्रोजेक्टर बंद राहू द्या. निरीक्षकांवर छाप पडावी म्हणून घातलेली स्लाइड लगेच ओळखू येते.

आपल्या पाठात एक जागा आहे. पट्टीचे भाग पाच, सात, नऊ, बारा असे भराभर बदलत एका भागाचं काय होतं ते दाखवणं कागदाने जमत नाही, पडद्यावर ते क्षणात होतं. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला, त्यातही अपूर्णांकांची सिम्युलेशन्स आहेत आणि ती उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. भाग बदलण्याआधी मात्र मुलांना अंदाज वहीत लिहायला लावा. नाहीतर ती नुसती बघत बसतात.

स्लाइड करणार असाल तर मजकूर कमीत कमी आणि अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येईल इतकं मोठं ठेवा. हे आदल्या दिवशी स्वतः मागे बसून तपासा. स्लाइडवरचंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं आहे की चित्रासोबत नुसतं बोलणं हे चित्र, बोलणं आणि तेच शब्द पडद्यावर, या तिहेरी माऱ्यापेक्षा बहुधा जास्त परिणामकारक ठरतं. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे, आणि कुठे थांबवून काय विचारायचं तेही टाचणात लिहा.

फाइल पेन ड्राइव्हवर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे हवी. वीज गेली तर काय करणार याची एक ओळ टाचणात असू द्या. आपल्याकडे पट्ट्या आहेत, त्यामुळे पाठ अडत नाही.

९. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं छोट्या चिठ्ठ्यांवर घ्या. त्या तपासायला गुण द्यायची गरज नाही, तीन ढीग करा. ‘१/७, कारण ७ मोठा’ हा एक. ‘१/५, कारण ५ लहान’ हा दुसरा, आणि हाच फसवा : उत्तर बरोबर, पण नियम घोकलेला असू शकतो. ‘पाचच भाग केले तर प्रत्येक भाग मोठा येतो’ हा तिसरा. दुसरा ढीग सगळ्यात उंच असेल तर तुम्ही चर्चेच्या आठ मिनिटांत नियम सांगून टाकला असणार. टाचणाच्या त्या ओळीशेजारी लगेच तशी नोंद करा. दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही.

पुढच्या तासिकेची सुरुवात याच उपघटकावरच्या दोन प्रश्नांनी करा, वह्या बंद ठेवून. आठवून काढलेली गोष्ट पुन्हा वाचलेल्या गोष्टीपेक्षा जास्त काळ टिकते, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे. त्या दोन प्रश्नांपैकी एक दुसऱ्या ढिगातल्या मुलांसाठी असू द्या : ३/४ आणि ७/८ यांत मोठा कोणता, आणि आकृती काढून दाखव.