वस्तीतील क्रीडा मंडळाचा इतिहास कसा लिहावा

क्रीडा मंडळाला पंचवीस किंवा पन्नास वर्षे पूर्ण होत आली की स्मरणिका काढण्याचा ठराव होतो, आणि पुष्कळ स्मरणिकांची पाने शुभेच्छा संदेश, जाहिराती व जिंकलेल्या चषकांच्या यादीने भरतात. मैदानावर पहाटे चुन्याच्या फक्कीने रेषा कोण आखत असे, पावसाळ्यात जर्सी कोणाच्या घरी वाळत असत आणि मुलींचा नेटबॉल संघ कोणाच्या आग्रहाने उभा राहिला, याची नोंद मात्र कुठेच राहत नाही. ज्या मंडळात मुलांचा फुटबॉल आणि मुलींचा नेटबॉल असे दोन्ही खेळ चालतात, त्याचा खरा इतिहास या गोष्टींतच असतो, आणि तो लिहिण्याचे काम नागपुरातील कोणत्याही वस्तीत चार-पाच माणसे मनावर घेऊन करू शकतात.

सुरुवात कागद गोळा करण्यापासून करावी. इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), स्पर्धांच्या निमंत्रणपत्रिका आणि प्रमाणपत्रे बहुधा मंडळाच्या कार्यालयात नसतात. ती माजी सचिवांच्या घरी माळ्यावर किंवा लोखंडी पेटीत असतात. मूळ कागद मागून आणू नयेत, कारण ते परत करायचे राहून जातात आणि त्यातून दुरावा येतो. त्या घरी बसूनच प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, आणि कोणाच्या घरी, कोणत्या तारखेला, कोणता कागद पाहिला हे एका वेगळ्या वहीत लगेच लिहावे. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात त्याची घटना, पहिल्या कार्यकारिणीची नावे आणि पुढील बदल अर्ज यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करता येतो. येथे एक सावधगिरी हवी: नोंदणीचे वर्ष म्हणजे स्थापनेचे वर्ष नव्हे. अनेक मंडळे कित्येक वर्षे खेळल्यानंतर, अनुदानाची किंवा मैदानाच्या परवानगीची गरज पडली तेव्हा नोंदली गेली, म्हणून दोन्ही वर्षे स्वतंत्रपणे द्यावीत.

जुन्या कागदांवर तारीख नसते ही सर्वांत मोठी अडचण असते. परंतु नागपूरच्या कागदांना कालखंड ठरवण्याच्या ज्या खुणा आहेत, तशा फार थोड्या शहरांच्या कागदांना असतील. हे शहर जागचे हलले नाही, तरी त्याचे राज्य बदलत गेले. २६ जानेवारी १९५० पूर्वी ते मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, तेव्हापासून ऑक्टोबर १९५६ अखेर मध्य प्रदेशची. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते द्विभाषिक मुंबई राज्यात होते, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे पत्रशीर्षावर ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाडचे इंग्रजी नाव) छापलेले असेल तर तो कागद १९५० च्या आधी छापलेला असण्याची शक्यता मोठी, आणि ‘मुंबई राज्य’ असेल तर तो जेमतेम साडेतीन वर्षांच्या कालखंडात छापलेला. छापून घेतलेले जुने कागद संपेपर्यंत वापरले जात, म्हणून यावरून छपाईचा काळ ठरतो. मजकूर त्यानंतरचाही असू शकतो, हे लक्षात ठेवावे. पावत्यांची साक्ष यापेक्षा नेमकी असते. दशमान चलन १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाले. तेव्हा वर्गणी आण्यांत लिहिली असेल तर पावती बहुधा त्यापूर्वीची किंवा त्या बदलाच्या काळातील, आणि ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल तर ती १९५७ ते १९६४ या काळातील मानता येते. पत्त्यात ४४० ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण ही पद्धतच त्या दिवशी लागू झाली. वृत्तपत्रांच्या कात्रणांवर नाव व तारीख क्वचितच राहते. तरीही ‘हितवाद’ १९११ पासून नागपुरातून निघत आहे आणि ‘लोकमत’ दैनिक म्हणून येथे १९७१ मध्ये सुरू झाला, एवढे माहीत असले तरी शोध कुठून सुरू करावा हे कळते.

छायाचित्रांकडेही याच बारकाईने पाहावे. काळ्या पंचकोनी व पांढऱ्या षटकोनी अशा बत्तीस तुकड्यांचा चेंडू १९७० च्या विश्वचषकामुळे जगभर पसरला, म्हणून तो चेंडू पायाशी असलेले छायाचित्र बहुधा त्यानंतरचेच असते. अनवाणी खेळाडूंवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले हे खरे असले, तरी वस्तीच्या सामन्यांत अनवाणी खेळ पुढेही दीर्घकाळ चालू होता आणि आजही दिसतो. मुलींच्या छायाचित्रांत बास्केटबॉल आणि नेटबॉल यांची गल्लत वारंवार होते. दोन्ही खेळांत कडी ३.०५ मीटर उंचीवर असते, परंतु नेटबॉलच्या कडीमागे फळी नसते, आणि सातही खेळाडूंच्या अंगावर जागा दाखवणारी इंग्रजी अक्षरे असतात. या दोन खुणा पाहिल्याशिवाय छायाचित्राखाली खेळाचे नाव घालू नये.

यानंतर माणसांकडे जावे, आणि सर्वांत वयोवृद्ध सभासदांपासून सुरुवात करावी. ‘मंडळाविषयी काही सांगा’ असे विचारले की औपचारिक भाषण ऐकायला मिळते. त्याऐवजी सराव संपल्यावर चेंडू कोणाच्या घरी ठेवला जात असे, चेंडूच्या आतले ब्लॅडर फुटले तर पैसे कोण देत असे, उपांत्य सामन्याला कामठीला सगळे कसे गेले, मध्यंतरात संत्री कोणी आणली, असे विचारावे. काकाजी फुटबॉलविषयी बोलत असतील तर काकूंनाही शेजारी बसण्याची विनंती करावी, कारण संघाचा स्वयंपाक, धुणे आणि जखमी मुलाची रात्रभराची शुश्रूषा त्यांच्या आठवणीत असते. वर्ष आठवत नसल्यास त्यावर अडून न बसता सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांचा आधार द्यावा: १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आधी की नंतर, आणीबाणीत मैदान बंद होते का, तो सामना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी होता का. एकाच प्रसंगाविषयी निदान दोघांना, वेगवेगळे बसवून, विचारावे.

क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. त्याची गोष्ट सांगताना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणाऱ्या मुलांचा उल्लेख हमखास होतो, आणि एवढ्या एका तपशिलामुळे ती सुरुवात डोळ्यांपुढे उभी राहते. प्रत्येक मंडळाजवळ असा एखादा तपशील असतो. तो सांगणारा माणूस हयात असताना तो टिपून घेणे एवढेच आपल्या हाती असते.

नेटबॉलचा भाग लिहिताना अधिक कष्ट घ्यावे लागतात. संघातील मुली लग्नानंतर अन्य गावी जातात, नाव बदलते, आणि वहीत असलेली खेळाडू पुन्हा सापडत नाही. म्हणून प्रत्येकीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, तिची संमती घेऊन, नोंदवावीत. घरून परवानगी कशी मिळाली, सरावाहून परतताना सोबत कोण असे, कोर्ट आखायला जागा कोणी दिली, हे त्यांनाच विचारावे. ऑस्ट्रेलियात, विशेषतः व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रामीण भागात, फुटबॉल आणि नेटबॉलचे क्लब एकत्रच असतात. तेथील फुटबॉल अंडाकृती चेंडूचा, त्यांच्या स्वतःच्या नियमांचा वेगळाच खेळ आहे. परंतु दोन्ही खेळांचे सामने एकाच दिवशी, एकाच आवारात होत असल्याने सारे घर मैदानावर येते. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, मुलींच्या खेळाला शेवटी ‘महिला विभाग’ म्हणून दोन पाने देऊ नयेत. दोन्ही खेळ एकाच कालक्रमात, त्या त्या वर्षाखाली लिहावेत, म्हणजे ज्या वर्षी फुटबॉल संघ मोडकळीस आला होता त्या वर्षी मंडळ कोणामुळे चालू राहिले, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.

मंडळात फूट पडली असेल, हिशेबावरून वाद झाला असेल, तर तो वगळू नये. दोन्ही बाजूंची माणसे भेटून, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, शेजारी शेजारी द्यावे. मात्र सिद्ध न झालेला आरोप नावानिशी छापू नये.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून घेतले की आठवणीवरून, हे कंसात नमूद करावे, आणि दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात. मसुदा छपाईला देण्यापूर्वी मैदानावरच एका संध्याकाळी सर्वांना बोलावून मोठ्याने वाचावा. त्यात राहून गेलेली नावे तेथे लगेच सांगितली जातात आणि ती वहीत घेण्यासाठी एक जण स्वतंत्र बसवावा. अल्पवयीन खेळाडूंचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक छापू नयेत. छापील प्रती सभासदांना दिल्यानंतर एक प्रत मंडळाच्या कार्यालयात आणि एक शहरातील सार्वजनिक वाचनालयात द्यावी. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व कागदांची छायाचित्रे दोन वेगवेगळ्या घरी जपून ठेवावीत, आणि सचिव बदलताना ती इतिवृत्ताच्या वहीबरोबर सही घेऊन नव्या सचिवाकडे सोपवावीत.