मामा तलावाचं पाणी तपासायचं तर पहाटे

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारांच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत. बरेचसे कोहळी या शेतकरी समाजाच्या लोकांनी बांधलेले. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, पण कोणी कुठलं पाणी वापरायचं हे कागदावर नोंदलेलं राहिलं. म्हणून आधी तहसीलमध्ये अर्ज करून गावाच्या वाजिब-उल-अर्जची (गावातल्या वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदीची) नक्कल काढा. सिंचन, वाट आणि मासेमारीचे जुने हक्क त्यात सापडतात. मग एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या माणसाला) सोबत घेऊन पाळीवरून फिरा. खोल डोह कुठे, गाळ कुठे साचला, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

नमुने तीन जागांहून घ्या: गावाचं सांडपाणी उतरतं तिथे, घाटावर आणि तुडुमाजवळ (तलावातून पाणी सोडायच्या दारापाशी). सामू (पीएच) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने दोन मिनिटांत होतात.

खरी परीक्षा विरघळलेल्या प्राणवायूची, आणि इथेच मी दोन वर्षं चुकलो. जेवण करून दुपारी तीनला जायचो. आकडा लिटरमागे 10-11 मिलिग्रॅम यायचा आणि मी वहीत 'उत्तम' लिहायचो. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी पाळीलगत मेलेल्या मासोळ्यांचा पांढरा पट्टा दिसला. 30 अंशांच्या पाण्यात हवेतून प्राणवायू साडेसातच्या आसपासच मावतो. त्यावरचा आकडा म्हणजे हिरव्या शेवाळाने उन्हात सोडलेला प्राणवायू. रात्री तेच शेवाळ उलटा श्वास घेतं आणि सूर्य उगवायच्या जरा आधी पाणी सगळ्यात रितं होतं. म्हणून 'कधीही घ्या, चालतं' असं सांगणाऱ्याचं ऐकूच नका. नमुना तांबडं फुटायच्या आत घ्या, आणि तुलनेसाठी दुपारी पुन्हा.

दुसरी चूक बुडबुड्याची. बाटली वरून भरली की हवा मिसळते आणि आकडा खोटा चढतो. बाटली हातभर खोल नेऊन तिथेच हळू तिरपी करा, काठोकाठ भरू द्या आणि बूच पाण्यातच लावा. वर आणून उलटी करून बघा. मुगाएवढा जरी बुडबुडा दिसला, तरी ओतून पुन्हा भरा. प्राणवायू तपासायच्या किटमधली पहिली दोन औषधं जागेवरच टाका, घरी नेऊन नाही. गाळ तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. तिसरं औषध सल्फ्युरिक आम्ल असतं. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.

पहाटेचा आकडा लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली आला, तर माशांना धोका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालनाच्या पाण्याला किमान 4 आणि अंघोळीच्या पाण्याला किमान 5 लागतो.

घाटाचं पाणी कोणी पीत असेल तर एच-टू-एस बाटली (विष्ठेतल्या जंतूंची चाचणी करायची बाटली) वेगळी भरा. 24 ते 48 तासांत ती काळी पडली, तर ते पाणी पिऊ देऊ नका.

वहीत तारीख, वेळ, जागा आणि आदल्या दिवशी ऊन होतं की ढग, हे पाळीवर उभं राहूनच लिहा. सलग ढगाळ दिवसांनंतरची पहाट चुकवू नका. आकडा घसरलेला दिसला, तर त्याच सकाळी मच्छीमार संस्थेला सांगून तलावात शेण आणि खाद्य टाकणं थांबवायला लावा.