युरोपातून फोन मागवताय? खोक्यावरचं लेबल बघा
युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोन, टॅबलेट, हेडफोनला यूएसबी-सी पोर्ट सक्तीचा आहे. लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पासून. पण पोर्ट सारखा म्हणजे चार्जिंगचा वेगही सारखा, असं नाही. तिकडून कुणी फोन आणणार असेल तर खोक्यावरचं चार्जरचं चित्र बघायला सांगा. त्यावर काट मारलेली असेल तर आत चार्जर नाही. लेबलवर दोन आकडेही असतात: किमान लागणारे वॅट आणि पूर्ण वेगासाठी लागणारे वॅट. सोबत ‘यूएसबी पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगची सामायिक पद्धत) लिहिलं असेल तर घरातला तेवढ्या वॅटचा पीडी चार्जर खुशाल वापरा, नवा कशाला? केबल मात्र तपासा. दोन्ही टोकांना सी असलेली साधी केबल ६० वॅटपर्यंतच पुरते; त्याहून जास्त वॅट लागणाऱ्या लॅपटॉपला २४० वॅटपर्यंतची घ्या.