बटरकप: कोणते काढावे आणि कोणते राहू द्यावे

ब्रिटनमधील बागांत मे महिन्यापासून फुलणारे पिवळेधमक बटरकप हे रानफूल एकाच जातीचे नसते, त्यामुळे खुरपे हाती घेण्यापूर्वी फुलाचा देठ चिमटीत धरून पाहावा. देठावर उभ्या खाचा जाणवल्या आणि पानाच्या तीन भागांपैकी मधल्या भागाला स्वतःचा छोटा देठ असला, तर ते रांगणारे बटरकप होय. देठाला खाचा नसून रोप उंच आणि पाने खोल चिरलेली असतील, तर ते कुरणातले बटरकप समजावे. फुलाखालची हिरवी निदले मागे वळून देठाला टेकलेली दिसली, तर ते बुडाशी कंदासारखी गाठ असलेले तिसरे बटरकप असते. ही शेवटची दोन सरसकट उपटू नयेत, कारण त्यांच्यावर मधमाश्या येतात आणि गवताळ कडेला ती फार शोभतात.

खरा उपद्रव रांगणाऱ्याचा असतो. स्ट्रॉबेरीप्रमाणे त्याला जमिनीलगत धावती खोडे फुटतात आणि त्यांच्या पेरापेराशी मुळे धरून नवे रोप तयार होते. म्हणून ही खोडे लांबण्याआधी, वसंताच्या सुरुवातीलाच काम उरकावे. माती ओलसर पण चिकट नसताना छोटा बागकाटा रोपाच्या बुडाखाली तिरपा खुपसून दांड्यावर हलकेच जोर द्यावा, म्हणजे तंतुमय मुळांचा झुबका अखंड वर येतो. नुसती पाने ओढल्यास बूड जमिनीत राहून पुन्हा फुटते. त्यानंतर प्रत्येक धावते खोड टोकापर्यंत माग काढून सोडवावे. यंत्राने जमीन उलथल्यास खोडांचे तुकडे सगळीकडे पसरतात, तेव्हा तो मोह टाळावा.

हातमोजे मात्र अवश्य घालावेत. रोप चुरगळले की त्याच्या रसात प्रोटोअ‍ॅनिमोनिन हे दाहक द्रव्य तयार होते आणि त्वचेवर फोडही येऊ शकतात. चरणारी गुरे ताजे बटरकप टाळतात ती याच तिखटपणामुळे. वाळल्यावर हे द्रव्य निष्प्रभ होत असल्याने सुक्या चाऱ्यातले बटरकप त्यांना बाधत नाही.

हिरवळीत गवत कापून हे तण हटत नाही, कारण ते पात्याच्या खालीच पसरते. तेथे माती दबलेली आणि पाणी साचणारी असते, म्हणून काट्याने खोल छिद्रे पाडून निचरा सुधारावा. जमिनीत पडलेले बी काही वर्षे टिकते, त्यामुळे साफ केलेल्या वाफ्यात पुढील वसंतांतही कोवळी रोपे शोधून काढावी लागतात.