शाळा सुटून पंधरा-वीस वर्षं झाली? मग बीए-बीकॉमला नाव घालायच्या आधी अशी तयारी करा

दहावी झाली अन् बारावी राहिली, किंवा दहावीच राहिली, मग लग्न, शेती, लेकरं, आणि आता चाळिशीच्या आसपास वाटायलंय की ग्रॅज्युएशन करावं. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव कुठंही जा, अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी सांगितलेलं असतं की मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा सहा महिन्याचा कोर्स करा अन् डायरेक्ट बीएला बसा. हे अर्धं खरंय. उरलेलं अर्धं समजून न घेता फॉर्म भरला तर अख्खं वर्ष जातंय, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

सगळ्यात आधी एक ठरवा, पदवी कशाला पाहिजे. रस्ता यावरच ठरतो. तलाठी किंवा एमपीएससीला पदवी लागते, पण पोलीस भरतीला बारावी पास लागते, अंगणवाडी सेविकेच्या नव्या भरतीला पण आता बारावी लागते. म्हणजे ज्या जागेवर तुमचा डोळा आहे तिथं बारावीचं सर्टिफिकेट मागत असतील तर पूर्वतयारीचा कागद दाखवून काहीच होणार नाही, कारण पूर्वतयारी म्हणजे बारावी नाही, ती फक्त त्या-त्या विद्यापीठाच्या पदवीचं दार उघडायची सोय आहे. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्यांचा जो बीपीपी नावाचा पूर्वतयारी कोर्स, त्याच्या माहितीतच लिहिलेलं असतं की हा बारावीच्या बरोबरीचा नाही. त्यामुळं ज्यांचं वय हातात आहे, पुढं नोकरीचा विचार आहे, त्यांना मी सरळ सांगतो की बारावीच करा, थोडा वेळ जाईल पण नंतर कुठंच अडणार नाही. ज्यांना शिकायचंच आहे, राहून गेलेलं पूर्ण करायचंय, त्यांच्यासाठी पूर्वतयारी चांगली.

आता पूर्वतयारी कुठं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला सुरू झालं ते अशाच लोकांसाठी, त्यांचं घोषवाक्यच "ज्ञानगंगा घरोघरी" आहे. मराठवाड्यासाठी त्यांची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, अन् अभ्यासकेंद्रं तालुक्या-तालुक्याच्या कॉलेजात असतात. दुसरं म्हणजे इग्नू, दिल्लीचं, १९८५ चं. पण हे लक्षात ठेवा की दूरशिक्षणाचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम मधल्या काळात बदलत गेलेत, म्हणून शेजारच्या वहिनींनी दहा वर्षांपूर्वी पूर्वतयारीवरून बीए केलं म्हणून तुमचं पण तसंच होईल असं धरून चालू नका. चालू वर्षाची माहितीपुस्तिका काढा, तुम्हाला जी पदवी करायचीय तिच्या पात्रतेच्या रकान्यात "पूर्वतयारी उत्तीर्ण" चालतं असं स्पष्ट छापलंय का ते बघा, आणि छापलेलं नसेल तर फी भरू नका, मग समोरचा कितीही म्हणू दे की होऊन जातं.

बारावीच करायचं ठरलं तर दोन रस्ते. एक राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा. त्याला दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली पाहिजेत, तुमची तर वीस झालीत. फॉर्म ऑनलाइन भरायचा अन् कागद जवळच्या कॉलेजात द्यायचे. बीड, जालना, परभणी, हिंगोली, संभाजीनगरवाल्यांचं विभागीय मंडळ संभाजीनगरला, लातूर-नांदेड-धाराशिववाल्यांचं लातूरला. हा फॉर्म पावसाळ्यात सुटतो आणि नेमका महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी या गडबडीत लोकांच्या ध्यानातून जातो, मग विलंब शुल्क भरा. म्हणून आषाढापासूनच मंडळाच्या वेबसाइटवर नजर ठेवा.

दुसरा रस्ता एनआयओएस, केंद्राचं मुक्त विद्यालय. तिथं पाच विषय, पास व्हायला ३३ टक्के, नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणजे या वेळी दोन विषय द्या, पुढच्या वेळी तीन द्या, कुणी विचारत नाही. फक्त तुम्हाला पाहिजे ते विषय कोणत्या माध्यमात आहेत ते नाव घालायच्या आधी बघून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी तर ही गोष्ट फार महत्त्वाची. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघाले की माणसं मार्च-एप्रिलशिवाय गावात परत येत नाहीत, आणि राज्य मंडळाची बारावी असते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन पट्टा पडायच्या, कारखान्याचा हंगाम संपायच्या, तोंडावर. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्यातली एप्रिल-मेची पकडली तर मुकादमाची उचल अन् परीक्षा यात भांडण लागत नाही. हुशारी कमी म्हणून नाही, तर परीक्षेची तारीख चुकीची निवडली म्हणून शिक्षण सुटलेली किती माणसं असतील आपल्याकडं, याचा विचार केला की जीव तुटतो.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. टीसी हरवली असेल तर शाळेतून दुय्यम प्रत मिळते, मार्कमेमो हरवला असेल तर विभागीय मंडळातून. लग्न झालेल्या ताया-मावश्यांचं मोठं दुखणं म्हणजे नाव, टीसीवर माहेरचं अन् आधारवर सासरचं. एक तर राजपत्रात नावबदल करून घ्या, नाहीतर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा आणि सगळे फॉर्म एकाच नावानं भरा, अर्धे एका नावानं अर्धे दुसऱ्या नावानं असं कधीच नको. आता दूरशिक्षणातून पदवीला प्रवेश घ्यायचा तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी नंबर, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो, २०२४ पासून, त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाचे क्रेडिट जमा राहायचं ऑनलाइन खातं, आणि या सगळ्याला आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो. तो नंबर बऱ्याचदा कधीच बंद पडलेला असतो. आज आधार केंद्रावर जाऊन तो बदलून या, हे काम सगळ्यात पहिलं. लॉगिन अन् पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, नेटकॅफेवाल्याच्या डायरीत नको. आणि "परीक्षेला न बसता बारावी, हमखास पास" असं जो म्हणेल त्याच्या ऑफिसातून उठून या.

आता खरा अभ्यास. माझं तर स्पष्ट मत आहे की कोर्स कोणताही असू द्या, या सहा महिन्यात पुस्तकं पाठ करण्यापेक्षा अभ्यासाची सवय परत लावणं हेच खरं काम आहे, कारण पूर्वतयारी पास होऊन बीएच्या पहिल्याच वर्षी माणसं गळतात ती विषय अवघड म्हणून नाही, तर तीन तास बसून लिहायची सवयच राहिलेली नसते.

हातापासून सुरुवात करा. वीस वर्षांत आपण सहीपलीकडं काही लिहिलेलं नसतंय. रोज वीस मिनिटं घड्याळ लावून लिहायचं, काहीही, पेपरातली बातमी उतरवून काढा पहिले पंधरा दिवस. नंतर बातमी वाचायची, पेपर बाजूला ठेवायचा अन् आपल्या शब्दात दहा ओळी लिहायच्या. हे दहा ओळींचं फार कामाचं आहे कारण पदवीला प्रश्न येतात ते "थोडक्यात स्पष्ट करा", "कारणे द्या" असे, तिथं पाठांतर उपयोगाला येत नाही. महिन्या-दीड महिन्यानं वेळ एक तासावर न्या, परीक्षेच्या आधी दोनदा तरी पूर्ण तीन तास बसून जुना पेपर सोडवा. घरात ते शक्यच नसेल तर गावातलं वाचनालय, नाहीतर झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात शाळा सुटल्यावर, गुरुजींना विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

गणिताला लोक लई भितात. पूर्वतयारीत आणि स्पर्धा परीक्षेत लागणारं बरंच गणित हे टक्केवारी, प्रमाण, सरासरी, व्याज असं असतं, अन् हे तुम्ही रोज करायलातच. बचत गटातून ५,००० रुपये दोन टक्के महिन्यानं घेतले, सहा महिन्यानं व्याज किती? महिन्याला १०० म्हणून ६००. हेच पुस्तकात द. सा. द. शे. २४ असं लिहून येतं आणि माणूस घाबरतो. तर आधी गटाचं रजिस्टर घ्या, त्यातले हिशोब पुस्तकाच्या पद्धतीनं मांडा, सूत्र नंतर लिहा.

इंग्रजीचं थोडं कडू बोलतो. राज्य मंडळाच्या बारावीला ती द्यावीच लागते, एनआयओएसला विषय निवडून टाळता येते, आणि बरेच जण टाळतात. मला ते पटत नाही, पुढं ऑनलाइन फॉर्म, हॉलतिकिटाच्या सूचना, स्पर्धा परीक्षा, सगळीकडं तीच आडवी येते. टाळायचीच असेल तर परीक्षेपुरती टाळा पण रोज पाच शब्द अन् एक छोटा उतारा मोठ्यानं वाचणं चालू ठेवा, घरात आठवी-नववीचं लेकरू असेल तर त्याच्याच पुस्तकातून, त्यालाच शिकवायला बसवा, दोघांचा फायदा.

अभ्यासकेंद्रावर शिकवायचे तास, म्हणजे संपर्क वर्ग, बहुतेक रविवारी असतात, ते बुडवू नका, बाजार दुसऱ्या दिवशी करा. तिथं तुमच्यासारखेच कंडक्टर, आशाताई, हॉटेलवाले बसलेले असतात, त्यांचे नंबर घ्या, चौघांचा ग्रुप करा, कारण गृहपाठाची तारीख अभ्यासकेंद्रापेक्षा आधी ग्रुपवर कळते. आणि गृहपाठ स्वतः लिहा, विकत मिळतात ते आणू नका, एनआयओएसला त्याचे २० टक्के गुण धरतात आणि वर ती लिहायची फुकटची प्रॅक्टिस असते.

शेवटची गोष्ट, परीक्षा झाली की निवांत बसू नका. निकाल लागायची वेळ आणि पदवी प्रवेशाची शेवटची तारीख कधी कधी अगदी जवळजवळ येतात. परीक्षा झाल्या झाल्या अभ्यासकेंद्रात जाऊन विचारा की निकाल उशिरा लागला तर पुढच्या प्रवेशाचं कसं, ऑनलाइन गुणपत्रिकेच्या प्रिंटवर प्रवेश देता का की मूळच पाहिजे, आणि जे सांगतील ते कुणी सांगितलं त्याच्या नावासकट वहीत तारीख घालून लिहून ठेवा.