क्लॉक दुप्पट करायला निघालेल्यांसाठी

डिजिटल डिझाइनच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: दिलेल्या क्लॉकची (ठरावीक लयीत ०-१ होत राहणाऱ्या सिग्नलची) फ्रिक्वेन्सी दुप्पट करून दाखवा. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. एक्सॉर गेट, म्हणजे दोन इनपुट वेगळे असतील तेव्हाच १ देणारं गेट, त्याच्या एका पिनला क्लॉक, दुसऱ्या पिनला तोच क्लॉक थोडा उशिराने. रायझिंग एजला (० चा १ होताना) एक पल्स, फॉलिंग एजला (१ चा ० होताना) एक पल्स, झालं काम. कागदावर हे बरोबरच आहे, त्यावर नोकरीही मिळते. पंचाईत होते ती पुढे, कुणी तेच सर्किट बोर्डावर बसवायला सांगतं तेव्हा.

फ्रिक्वेन्सी भागणं सोपं असतं. नको असलेल्या एज सोडून द्यायच्या, आणि फ्लिप-फ्लॉप (एजला एक बिट पकडून ठेवणारं सर्किट) ते निमूटपणे करतो. गुणताना मात्र वेळेवर पडणाऱ्या जास्तीच्या एज आणायच्या कुठून, हाच प्रश्न असतो. एक्सॉरवाला डबलर त्या मूळ क्लॉकच्या फॉलिंग एजकडून उसन्या घेतो. त्या फॉलिंग एजने मला भरपूर छळलंय, म्हणून तेवढं जरा लांबण लावून सांगतो.

समजा मूळ क्लॉक १० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं. ड्युटी सायकल (आवर्तनातला जेवढा वेळ क्लॉक १ असतो तो भाग) ५० ऐवजी ४५ टक्के आहे. यात ऑसिलेटर खराब वगैरे काही नाही, डेटाशीटमध्ये ४५ ते ५५ टक्के असं सर्रास लिहिलेलं असतं. आता एज मोजा: ०, ४५, १००, १४५, २००. डबलरच्या रायझिंग एज नेमक्या याच जागी पडतात (गेटचा ठरावीक उशीर सोडून द्या). म्हणजे एक आवर्तन ४५ नॅनोसेकंद, पुढचं ५५, मग पुन्हा ४५. सरासरी ५०. फ्रिक्वेन्सी काउंटर लावलात तर तो बिनदिक्कत २० मेगाहर्ट्झ दाखवतो, कारण त्याचं काम एज मोजण्याचं, त्यांच्यातली अंतरं बघण्याचं नाही.

तुमच्या लॉजिकला मात्र सरासरी मिळत नाही, त्याच्या वाट्याला ते लहान आवर्तन येतंच. एखाद्या पाथला (एका फ्लिप-फ्लॉपपासून पुढच्यापर्यंतच्या वाटेला) सेटअप टाइम (एजच्या आधी डेटा स्थिर हवा तो वेळ) धरून ४७ नॅनोसेकंद लागत असतील तर ५० मध्ये तो आरामात बसतो आणि ४५ मध्ये चुकतो. टायमिंग रिपोर्टमध्ये तुम्ही २० मेगाहर्ट्झ लिहिलं म्हणून सगळं हिरवं, पण प्रत्यक्षात त्या पाथला २२.२ मेगाहर्ट्झला पळायचं आहे. आणि पाथ ४५ च्या अगदी काठावर असेल तर तो बोर्ड गार असताना चालतो, तापला की चुकतो. मग दोष सॉफ्टवेअरवाल्यांच्या माथी मारला जातो.

हे ऑसिलोस्कोपवर ओळखायची खूण सांगतो. ट्रिगर (ज्या एजला धरून स्कोप चित्र उभं करतो ती) डबलरच्या आउटपुटवर घेतलात तर पहिली एज स्वच्छ दिसते, तिच्या पुढची एज दोन सावल्यांत फुटते, त्यापुढची पुन्हा स्वच्छ. बरेच जण याला जिटर (एजचं अनियमित हलणं) म्हणतात आणि डिकपलिंग कपॅसिटर (पॉवर सप्लायचा नॉइझ शोषणारे) वाढवत सुटतात. कपॅसिटरने यातलं काहीही सुटत नाही. ट्रिगर मूळ क्लॉकवर घ्या: सावल्या जातात आणि लहान-मोठं, लहान-मोठं असं आवर्तन स्थिर उभं राहतं. खरा जिटर असा शहाण्यासारखा वागत नाही.

यावर एक जण हटकून सुचवणार, ‘आधी फ्लिप-फ्लॉपने दोनाने भाग, ड्युटी सायकल पन्नास टक्के होईल.’ होईल की! पण मग दुप्पट केल्यावर तुम्ही परत १० मेगाहर्ट्झवर. ऐकताना सल्ला इतका पटतो की चांगली चांगली माणसं मान डोलावतात. तोच भागाकार करायचाय तर सरळ दुप्पट फ्रिक्वेन्सीचा ऑसिलेटर घ्या आणि दोन्ही क्लॉक त्यातूनच काढा. माझ्या मते निम्म्या वेळा हेच उत्तर असतं, फक्त ते हुशारीचं दिसत नाही.

दोन डबलर मालिकेत लावून चौपट करायचा विचार असेल तर थांबा. पहिल्या डबलरच्या पल्सची रुंदी म्हणजे तुमच्या डिले चेनचा उशीर, आणि तो व्होल्टेज, तापमान, चिपचा लॉट या सगळ्यांबरोबर बदलतो. दुसरा डबलर त्याच रुंदीवर जगणार.

व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर लिहायच्या भाषेत) उशीर लिहून सिम्युलेशनला टाळ्या मिळवणाऱ्यांसाठी एवढंच: सिंथेसिस (कोडवरून खरं सर्किट बनवणारी पायरी) तो उशीर वाचतच नाही. इन्व्हर्टरची साखळी लिहिलीत तर टूल ती काढून टाकतं, उरतो तोच सिग्नल स्वतःशीच एक्सॉर केलेला, आणि त्याचं उत्तर कायम शून्य.

मग पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप: दिलेल्या क्लॉकशी (रेफरन्सशी) फेज जुळवत स्वतःचा ऑसिलेटर चालवणारं सर्किट. नाव ऐकून घाबरू नका, इथे खरंच दिलासा आहे. त्यातला फेज-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर रेफरन्स आणि स्वतःचा भागून आलेला क्लॉक, दोन्हींची एकच एज बघतो, त्यामुळे वरची सगळी रड संपते. पण ७४एचसी४०४६ सारख्या पीएलएल चिपमध्ये एकाहून जास्त फेज कंपॅरेटर असतात आणि पहिला साधा एक्सॉर आहे. त्याला ड्युटी सायकल पुन्हा भोवतो. गुणाकारासाठी दुसरा, एजवर चालणारा घ्या. लूप फिल्टरमध्ये (कंपॅरेटर आणि ऑसिलेटर यांच्या मधल्या फिल्टरमध्ये) कपॅसिटरबरोबरचा रेझिस्टर ‘नसला तरी चालेल’ म्हणून काढू नका, त्याच्याशिवाय लूप हेलकावे खात राहतो. लूपची बँडविड्थ रेफरन्सच्या दहाव्या भागाच्या आतच ठेवा. आणि फुकट काही नाही: फ्रिक्वेन्सी १० पट केली की रेफरन्सचा फेज नॉइझ २० डेसिबलने वर येतो.

हे सगळं शिकवणाऱ्या मार्गदर्शकाबद्दल माझं मत पक्कं आहे. फिल्टरच्या तयार किमती हातात देणाऱ्यापेक्षा ‘ट्रिगर कशावर घेतला होतास?’ एवढंच विचारून निघून जाणारा बरा. राग येतो, पण काम होतं.

एफपीजीएत (हवं ते लॉजिक भरता येणाऱ्या चिपमध्ये) असाल तर आतला तयार पीएलएल किंवा एमएमसीएम (त्याच कामाचा क्लॉक मॅनेजर) वापरा, स्वतःचा डबलर नको. तिथे फक्त व्हीसीओची (आतल्या, व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरची) मर्यादा बघायची. झायलिंक्सच्या ७ सिरीजमधल्या सर्वांत मंद स्पीड ग्रेडच्या एमएमसीएमला ती ६०० ते १२०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून ५० चे १०० करताना आधी २० ने गुणून १००० करायचे, मग १० ने भागायचे. लॉक्ड सिग्नल (क्लॉक स्थिर झाल्याची खूण) वर येईपर्यंत त्या क्लॉकवरचं सगळं लॉजिक रिसेटमध्ये ठेवा, आणि रिसेट सोडताना तो नव्या क्लॉकशी सिंक्रोनाइझ करून मगच सोडा.