एज ऑफ एम्पायर्स २ : कॅसल कुठे, कधी बांधायचा आणि कसा टिकवायचा

एज ऑफ एम्पायर्स २ या काँप्युटरवरच्या युद्धखेळात कॅसल (किल्ला) बांधला की घर सुरक्षित झालं, ही समजूत आधी सोडा. इम्पीरियल एजमध्ये (खेळाच्या चौथ्या, शेवटच्या युगात) समोरच्याने चार ट्रेब्युशे (लांबून दगड फेकणारी यंत्रं) आणून उभे केले, तर सुधारणा न केलेला कॅसल अर्ध्या मिनिटाच्या आसपास जमीनदोस्त होतो. कॅसल लढाई जिंकून देत नाही. तो जमिनीचा एक तुकडा शत्रूला महाग करून ठेवतो आणि तुमचं सैन्य येईपर्यंत वेळ काढतो. जागा निवडण्यापासून आत कोणाला बसवायचं इथपर्यंतचे सगळे निर्णय याच हिशेबाने घ्यायचे. खालचे आकडे डेफिनिटिव्ह एडिशनचे (खेळाच्या नव्या आवृत्तीचे) आहेत. पॅच (खेळाचा अपडेट) आला की एखादा आकडा इकडेतिकडे सरकतो, पण पद्धत तीच राहते.

दगडाचं गणित

कॅसलची किंमत ६५० दगड. नेहमीच्या रँडम मॅपमध्ये सुरुवातीला हातात २०० असतात, म्हणजे वरचे ४५० खणायचे. दगडाच्या एका ढेकळात ३५० असतात आणि एक व्हिलेजर (खेळातला कामकरी) मिनिटाला साधारण २० ते २२ दगड काढतो. सहा व्हिलेजर लावले तर साडेतीन ते चार मिनिटांत ४५० जमतात. हे सहा जण कॅसल एजचं (तिसऱ्या युगाचं) संशोधन सुरू होतानाच दगडावर गेले, तर नव्या युगात पोचल्यावर थोड्याच वेळात पाया टाकता येतो.

गाडी बहुतेकांची अडते ती टाउन सेंटरपाशी (वसाहतीच्या मुख्य इमारतीपाशी). प्रत्येक नव्या टाउन सेंटरला १०० दगड लागतात. दोन जास्तीची टाउन सेंटरं टाकली की सुरुवातीचे २०० संपले, आणि मग कॅसलसाठी पूर्ण ६५० खणावे लागतात. तेच सहा व्हिलेजर असतील तर त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ जातो. तीन टाउन सेंटरांचा बूम (अर्थव्यवस्था झपाट्याने वाढवणं) चुकीचा नाही, पण तो करताना कॅसल उशिरा येणार हे धरून चाला आणि मधल्या काळासाठी भिंती व थोडे भालेवाले ठेवा. दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

टॉवरचा मोहही इथेच पडतो. एका वॉच टॉवरला १२५ दगड, म्हणजे पाच टॉवरमध्ये जवळपास एक कॅसल गेला. फ्यूडल एजमध्ये (दुसऱ्या युगात) सोन्याच्या खाणीवर सतत धनुर्धारी येत असतील तर एक टॉवर ठीक आहे, दोन झाले म्हणजे डोक्यावरून पाणी. दगडी भिंतीला चौकोनामागे ५ दगड पडतात. ६५० दगडांत १३० चौकोन होतील, पण तेवढी भिंत कोणी बांधत नाही. कॅसल होईपर्यंत लाकडी कुंपणच लावावं, दगडी भिंत नंतर मोक्याच्या ठिकाणी.

जागा

कॅसल चार बाय चार चौकोनांचा असतो आणि त्याच्या बाणांची मूळ रेंज (मारा पोचण्याचं अंतर) ८ चौकोन. दोन्ही बाजू धरल्या तर साधारण २० चौकोन रुंदीचा पट्टा त्याच्या पहाऱ्यात येतो. फ्लेचिंग, बॉडकिन ॲरो आणि ब्रेसर या तिन्ही सुधारणा झाल्यावर रेंज ११ होते आणि पट्टा २६ चौकोनांपर्यंत जातो. जागा ठरवताना हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवा. कॅसल नुसता शत्रूच्या वाटेवर आहे, एवढ्याने भागत नाही. पुढची १५ मिनिटं तुम्हाला ज्या गोष्टी लागणार आहेत त्या पट्ट्यात यायला हव्यात.

नवख्यांचा पहिला कॅसल बहुतेक वेळा टाउन सेंटरला चिकटून असतो. टाउन सेंटर स्वतःच बाण मारतं, म्हणजे एकाच जागेवर दोन पहारे बसले आणि बाहेरची लाकूडतोड उघडी पडली. कॅसल टाउन सेंटरपासून दहा-बारा चौकोन पुढे, शत्रूच्या बाजूला ठेवा. पट्ट्यात दुसरी सोन्याची खाण आणि एक मोठी लाकूडतोड, दोन्ही आल्या तर उत्तम. दोन्ही बसत नसतील तर सोनं निवडा. लाकडाला पर्याय असतात, उशिराच्या खेळात सोन्याला फारसे नसतात. शेतांवर कॅसल टाकण्याची गरज कमी पडते, कारण शेतं टाउन सेंटरभोवतीच असतात.

उंचवटा असेल तर दोन-चार चौकोन सरकून का होईना, तो घ्याच. वरून खाली मारताना नुकसान २५ टक्के जास्त होतं आणि खालून वर मारणाऱ्याचं २५ टक्के कमी. हे ट्रेब्युशेलाही लागू आहे, म्हणून टेकडीवरचा कॅसल पाडायला समोरच्याला जास्त दगडफेक करावी लागते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा कडा या खेळात नाही. घोडेस्वार टेकडी सहज चढून येतात, फायदा फक्त या टक्क्यांचा.

दोन जंगलांमधली चिंचोळी वाट कॅसलनेच बुजवायचा विचार ब्लॅक फॉरेस्टसारख्या नकाशावर हमखास येतो. चार चौकोनांची फट बुजते खरी, पण मग रॅमला (इमारती फोडणाऱ्या ओंडक्याच्या गाड्याला) कॅसलपर्यंत पोचायला काहीच अडथळा उरत नाही. त्याऐवजी वाट दगडी भिंतीने बंद करा आणि कॅसल तिच्या मागे पाच-सहा चौकोनांवर ठेवा. भिंत फोडणारा सतत बाणांखाली राहतो आणि आतून तुमचं सैन्य दरवाजातून बाहेर काढता येतं. जंगल म्हणजे कायमची भिंत नव्हे, हेही ध्यानात असू द्या. ओनेजर (दगड फेकणारं यंत्र) आणि ट्रेब्युशे झाडं पाडतात.

पाया टाकल्यापासून पूर्ण होईपर्यंत

एकट्या व्हिलेजरला कॅसल बांधायला २०० सेकंद लागतात. जास्त जण लावले की सूत्र असं: ६०० ला (व्हिलेजरांची संख्या अधिक २) ने भागा. चार जणांना १०० सेकंद, आठ जणांना ६०, दहा जणांना ५०. वीस लावले तरी २७ सेकंद जातातच, आणि तेवढा वेळ वीस जणांचं काम थांबतं. शांततेत आठ पुरेत, शत्रू दिसत असेल तर दहा-बारा.

पाया टाकताच ६५० दगड वजा होतात. बांधकाम सुरू होईपर्यंत त्या जागेवरून कोणीही चालत जाऊ शकतं, आणि अर्धवट कॅसल एकही बाण मारत नाही. याच वेळी शत्रूचे दहा नाइट (जड घोडेस्वार) आले तर व्हिलेजर मरतात आणि पाया तसाच राहतो. म्हणून पाया टाकण्याआधी समोर एक स्वार पाठवून बघा आणि शक्य असल्यास शत्रूच्या बाजूला कुंपणाचे काही चौकोन टाकून घ्या. अगदीच जमत नसेल तर पाया डिलीट करा. जेवढं बांधकाम झालेलं नाही तेवढ्याचा दगड परत मिळतो. हट्टाने दहा व्हिलेजर गमावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

कॅसल उभा राहिला की २० लोकसंख्येची जागाही मिळते, म्हणजे चार घरं वाचली. शिवाय इम्पीरियल एजसाठी एरवी कॅसल एजच्या दोन इमारती लागतात, त्याऐवजी एक कॅसल चालतो.

आत कोणाला बसवायचं

कॅसलमध्ये २० जण मावतात, पण सगळ्यांमुळे बाण वाढत नाहीत. पायी धनुर्धारी आणि व्हिलेजर आत गेले की बाणांची संख्या वाढते. नाइट, भालेवाले, तलवारवाले आत फक्त सुरक्षित राहतात आणि बरे होतात. म्हणून हल्ला आला की आधी क्रॉसबोवाले आत घाला, दहा असले तरी फरक लगेच दिसतो. व्हिलेजर बाणांसाठी मुद्दाम आणू नका, जवळ काम करत असलेलेच घाला. दूरच्या लाकूडतोडीवरून पळत येणारे वाटेतच मारले जातात.

कॅसल निवडून एखाद्या शत्रूवर राइट क्लिक केलं तर बाण त्याच्यावरच जातात. ही सवय फार थोड्यांना असते. एरवी कॅसल समोरच्या हलक्या स्वारांवर बाण उधळत बसतो आणि मागून येणारा मँगोनेल (ओनेजरचं आधीचं रूप) मोकळा राहतो. गॅदर पॉइंट (नवे शिपाई जिथे जाऊन थांबतात ती खूण) कॅसलवरच लावला तर तयार होणारे युनिट बाहेर न पडता आत थांबतात. घेरा पडलेला असताना पाच-सहा युनिट आत साठवून एकदम बाहेर काढता येतात. एक-एक बाहेर पडला तर एक-एक मरतो.

कॅसलची ताकद २० टक्क्यांच्या खाली गेली की आतले सगळे आपोआप बाहेर फेकले जातात, तेही शत्रूच्या गराड्यात. व्हिलेजर आत असतील तर त्याआधीच, हल्ला दुसऱ्या बाजूला असताना, त्यांना काढून न्या.

संशोधनाचा क्रम

फ्लेचिंग (१०० अन्न, ५० सोनं) आणि बॉडकिन ॲरो (२०० अन्न, १०० सोनं) धनुर्धारी नसले तरी घ्या, कारण कॅसल आणि टाउन सेंटरचे बाण त्याच सुधारणांवर चालतात. त्यानंतर युनिव्हर्सिटी या इमारतीतलं मर्डर होल्स. कॅसलला किमान रेंज असते, भिंतीला अगदी चिकटून उभ्या असलेल्यांना बाण लागत नाहीत. जाणकार खेळाडू तलवारवाले तिथेच चिकटवून ठेवतो. मर्डर होल्सने ती पोकळी बंद होते. बॅलिस्टिक्स (३०० लाकूड, १७५ सोनं) घेतल्यावर बाण पळत्या लक्ष्याच्या पुढचा अंदाज घेऊन मारले जातात. त्याआधी शत्रूचे स्वार डावी-उजवीकडे हलत राहिले तर निम्मे बाण जमिनीत जातात. मेसनरी आणि आर्किटेक्चर इमारतींची ताकद आणि चिलखत वाढवतात, होर्डिंग्ज फक्त कॅसलची ताकद. ही तिन्ही इम्पीरियलमधल्या लांब खेळासाठी. तोपर्यंत तेच साहित्य सैन्यावर जास्त उपयोगी पडतं.

कॅसल कशाने पडतो

कॅसल एजमध्ये मुख्य धोका रॅमचा. रॅमचं बाणांविरुद्धचं चिलखत १८० आहे, कॅसलच्या बाणांनी त्याला जवळजवळ काहीच होत नाही. जवळून मारणाऱ्यांविरुद्ध मात्र ते उणे ३ आहे. नाइट, तलवारवाले, वेळ पडली तर व्हिलेजरसुद्धा रॅम तोडतात. तेव्हा बाण रॅमवर वाया घालवू नका. ते सोबतच्या शिपायांवर लावा आणि आपले तलवारवाले रॅमवर सोडा. रॅमच्या आत शिपाई बसलेले असतात, रॅम तुटला की ते बाहेर पडतात, त्यामुळे दोन-चार जण राखून ठेवा. हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर या संस्कृतींकडे (खेळाडू निवडतो ते पक्ष) रॅमऐवजी चिलखती हत्ती येतो, त्याला भालेवाले भारी पडतात.

पेटार्ड स्वतःला उडवून इमारत पाडतात, पण त्यांना बाण लागतात. कॅसल भरलेला असेल तर बरेचसे वाटेतच संपतात. मँगोनेलची रेंज ७, त्याला कॅसलच्या पट्ट्यात यावंच लागतं.

खरा प्रश्न ट्रेब्युशेचा. रेंज १६, म्हणजे सगळ्या सुधारणा झालेल्या कॅसलपेक्षाही पाच चौकोन लांब. मांडलेल्या ट्रेब्युशेवर बाणही चालत नाहीत. सुधारणा न केलेला कॅसल ट्रेब्युशेच्या साधारण अकरा-बारा फेकींत पडतो. इथे दुरुस्तीवर भिस्त ठेवणं ही सगळ्यांत महागडी चूक. दुरुस्तीला दगड लागतो, आणि चार ट्रेब्युशे आठ व्हिलेजरांच्या दुरुस्तीपेक्षा वेगाने पाडतात. एकच ट्रेब्युशे असेल तर मात्र दुरुस्तीने बराच वेळ मिळतो, त्यासाठी १००-१५० दगड कायम बाजूला ठेवा. व्हिलेजर कॅसलच्या मागच्या बाजूला उभे करा.

ट्रेब्युशेवर उपाय घोडदळाचा. हुसार (हलके स्वार) किंवा नाइट १५-२० एका बाजूला, कॅसलपासून दूर ठेवा आणि ट्रेब्युशे मांडायला लागताच बगलेतून घाला. मांडणं आणि आवरणं दोन्हीला वेळ लागतो, तेवढ्यात दोन-तीन तुटतात. समोरून जाऊ नका, तिथे हॅल्बर्डियर (भालेवाल्यांचं वरचं रूप) असतातच. जमल्यास कॅसलमधून आपलेही दोन ट्रेब्युशे काढा (प्रत्येकी २०० लाकूड, २०० सोनं), पण ट्रेब्युशेने ट्रेब्युशे मारताना नेम बराच चुकतो, त्यावर एकट्यावर विसंबू नका. बॉम्बार्ड कॅननची (तोफेची) रेंज १२, तीही कॅसलच्या बाहेरून मारते. तिच्यावरही घोडदळच.

संस्कृतीनुसार फरक

फ्रँक्सना कॅसल कॅसल एजमध्ये १५ आणि इम्पीरियलमध्ये २५ टक्के स्वस्त पडतो, त्यांनी दुसरा-तिसरा कॅसल लवकर टाकावा. ट्यूटनचं खास संशोधन क्रेनेलेशन्स रेंज ३ ने वाढवतं आणि आतले पायदळ शिपाईही बाण मारू लागतात. स्लाव्हचं डेटिनेट्स कॅसलच्या दगडाचा काही भाग लाकडावर ढकलतं, दगड संपलेल्या नकाशावर ते सोन्याहून मोलाचं. बल्गेरियनांचा क्रेपोस्त ३५० दगडांत होतो. तो लहान आणि कमी ताकदीचा असतो, पण बाहेरच्या सोन्यावर पहारा ठेवायला पुरेसा. स्पॅनिश व्हिलेजर बांधकाम ३० टक्के वेगाने करतात, त्यांना वर दिलेल्या सेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो.

दुसरा कॅसल टाकताना तो पहिल्याच्या शेजारी नको. पहिल्याच्या मागे १५-१६ चौकोनांवर ठेवा. पहिला पाडल्यावर शत्रूला ट्रेब्युशे आवरून पुढे आणावे लागतात, आणि घोडदळ सोडायचं ते नेमकं तेव्हा.